कॉफी सोडण्याआधी घरचा कप मोजा

विचारणा थोडक्यात अशी आहे. कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या एका ताई दिवसाला पाच कप कॉफी घेतात: सकाळी सहाला उठल्याबरोबर, आठला न्याहारीसोबत, अकराला मधल्या सुट्टीत, साडेचारला घरी आल्यावर आणि रात्री साडेनऊला वह्या तपासताना. तीन वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, डोस दोनदा वाढवून झाला, तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतील आकडा, ताळ्यावर येत नाही. हिमोग्लोबिन कमी, ९.६ आहे. रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही आणि छातीत जळजळते. आई म्हणतात, कॉफी उष्ण असते, ती आधी बंद कर. यजमान म्हणतात, कॉफीने आयुष्य वाढते असे हल्ली डॉक्टरच सांगतात. कोणाचे ऐकायचे आणि कॉफी सोडायची का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी सत्तावीस वर्षे कोल्हापुरात जनरल प्रॅक्टिस करतो आहे आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. आपल्याकडे कॉफीच्या डोक्यावर जे खापर फुटते, ते बहुतेक वेळा कपातल्या साखरेचे आणि दुधाचे असते. आणि जो त्रास खरोखर कॉफीचा असतो, तो मात्र वय, टेन्शन किंवा 'पाळी जायची वेळ आली' अशा भलत्याच खात्यावर मांडला जातो. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून 'सोडा' किंवा 'प्या' असे एका शब्दाचे उत्तर न देता तुमचे पाच कप एकेक करून तपासावे लागतील.

अशा पेशंटला मी पुढच्या खेपेला घरचा कप आणि घरचा चमचा सोबत आणायला सांगतो. लोक आधी हसतात. मागे एका बाईंनी 'एवढुसा कप असतो हो' असे सांगितले होते. त्यांनी आणलेला स्टीलचा पेला मी पाण्याने भरला आणि ५० मिलिलिटरच्या सिरिंजने ते पाणी मोजले, तेव्हा १९० मिलिलिटर भरले. मग साखरेचा डबा पुढे ठेवून 'रोज घेता तसाच चमचा भरा' म्हटले. त्यांनी चमचा शिगोशीग भरला आणि बोटाने शीग मोडलीही नाही. काट्यावर ती साखर आठ ग्रॅम भरली. असे दोन चमचे एका पेल्यात आणि असे चार पेले दिवसात, म्हणजे ६४ ग्रॅम साखर. त्या माझ्याकडे आल्या होत्या 'कॉफीमुळे वजन वाढते का' हे विचारायला.

तुम्ही कपाचे माप लिहिलेले नाही, म्हणून बेताचा हिशेब धरतो. इन्स्टंट कॉफीची एक चमचा पूड, दोन सपाट चमचे साखर आणि निम्म्याहून जास्त म्हशीचे दूध. सपाट चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर मावते, म्हणजे पाच कपांत ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातील सर्व वरची साखर मिळून २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य असेल तर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे तुमचा दिवसभराचा कोटा कॉफीतच संपला, आणि अजून शिरा, बिस्किटे, जेवणानंतरचे काही गोड हे सगळे मोजायचे बाकीच आहे. दूध प्रत्येक कपात १०० मिलिलिटर धरले तर दिवसाला अर्धा लिटर होते. आपल्या जिल्ह्यात म्हशीच्या दुधाचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे; गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेले दूध पिऊन वाढलेल्या पिढीला 'पातळ दुधाची कॉफी घ्या' असे सांगणे म्हणजे जवळजवळ अपमान करणे आहे. परंतु त्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि अर्ध्या लिटरमधून सुमारे ५०० कॅलरी मिळतात. साखरेच्या २०० त्यात मिळवा. या ७०० कॅलरींत कॉफीचा स्वतःचा वाटा नगण्य आहे, कारण बिनसाखरेच्या काळ्या कॉफीच्या कपात दोन-चार कॅलरीसुद्धा मुश्किलीने असतात.

येथे गुळाचा मुद्दा हमखास निघतो. कोल्हापूरचा गूळ कितीही उत्तम असला, तरी रक्तातील साखरेच्या दृष्टीने तो साखरेचा सख्खा भाऊच आहे. 'मी गुळाची कॉफी घेतो' असे सांगणाऱ्या मधुमेही पेशंटला मी चवीची सूट देतो, प्रमाणाची देत नाही.

आता कॅफिन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. युरोपातील अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा दिली होती. तुमच्या पाच कपांचे, कपाला ५० या हिशेबाने, २५० होतात. दोन्ही मर्यादांच्या तुम्ही आत आहात, हे ऐकून तुमचे यजमान खूश होतील. पुडीवर मात्र एकदा नजर टाका. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच पुडींत चिकोरी असते, आणि नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते व दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ आहे, तिच्यात कॅफिन नसते, आणि तिने रंग व घट्टपणा येतो. म्हणजे जी कॉफी काळीभोर दिसते म्हणून आपण तिला 'कडक' म्हणतो, ती प्रत्यक्षात सौम्य असू शकते. त्याउलट, निपाणी-बेळगावकडे किंवा उडुपी हॉटेलात मिळणारी फिल्टर कॉफी पेल्याने लहान असली तरी डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला अर्क, दाट असेल तर जोरकस असते. बियांमध्येही भेद आहे. रोबस्टा जातीत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते आणि आपल्या देशाच्या उत्पादनात रोबस्टाचाच वाटा मोठा आहे.

मर्यादेच्या आत असूनही झोप का येत नाही, याचे उत्तर घड्याळात आहे. दिवसभर आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते आपल्या ठरावीक जागांवर जाऊन बसले की झापड येते. कॅफिन त्याच जागा आधी अडवून बसते. थकवा त्यामुळे नाहीसा होत नाही, तो जाणवायचा थांबतो, एवढेच. आणि ही जागा अडवण्याची क्रिया आपल्याला वाटते त्यापेक्षा फार वेळ चालते, कारण शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला निरोगी प्रौढाला सरासरी पाच तास लागतात. तुमचेच वेळापत्रक घेऊन गणित करू. रात्री साडेनऊच्या कपाचे ५०, साडेचारच्या कपाचे उरलेले २५, अकराच्या कपाचे १२, आणि सकाळच्या दोन्ही कपांचे मिळून सुमारे १४. म्हणजे दहा वाजता तुम्ही अंथरुणाला पाठ टेकता, तेव्हा तुमच्या अंगात जवळजवळ दोन कप कॉफी शिल्लक असते. आणि दोन वाजता कधीतरी डोळा लागतो, तेव्हा त्यातली एक कप उरलेली असते. हे सरासरीचे गणित आहे, माणसामाणसात पुष्कळ फरक पडतो. कॅफिनचा निचरा यकृतातील एका विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो आणि त्याचा वेग काहींमध्ये जन्मतःच कमी असतो. सिगारेट ओढणाऱ्यात तो वाढतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो इतका मंदावतो की एका कपाचा अंमल दिवसभर राहतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनीही तो कमी होतो. पाळीच्या तक्रारीसाठी तुम्हाला कोणी हार्मोनची गोळी दिली असेल तर हे ध्यानात ठेवा.

'मला कॉफी घेऊनही ढाराढूर झोप लागते' असे सांगणारे खूप भेटतात. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ४०० मिलिग्रॅम कॅफिन झोपण्याच्या सहा तास आधी दिले, तरीही झोप तासाभराहून अधिक कमी झाली. मात्रा मोठी होती हे खरे, पण अंतरही मोठे होते. झोप लागणे आणि झोप पुरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा हिशेब सकाळी लागतो, जेव्हा उठवत नाही म्हणून आपण पुन्हा कॉफीच करतो.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ मात्र कॉफीविषयीची नाहीच. 'सकाळी सहाला कॉफी आणि त्याबरोबर थायरॉइडची गोळी' असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. थायरॉक्सिनची, म्हणजे तुमची ही थायरॉइडची, गोळी मोठी नाजूक असते. ती मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते, रिकाम्या पोटी आतड्यातून शोषली जाते आणि त्याच वेळी पोटात कॉफी असली तर तिचे शोषण घटते. इटलीतील डॉक्टरांनी २००८ मध्ये हे नेमके दाखवून दिले: ज्या पेशंटांचा टीएसएच योग्य डोस देऊनही खाली येत नव्हता, ते गोळी कॉफीबरोबर किंवा गोळीपाठोपाठ कॉफी घेत होते. अभ्यासातील पेशंट मोजकेच होते, परंतु माझ्या दवाखान्यात मला हे चित्र दर महिन्याला दिसते. डोस ५० वरून ७५ वर, ७५ वरून १०० वर जातो, रिपोर्टवर रिपोर्ट होतात आणि 'गोळी कशाबरोबर घेता' हा एक प्रश्न कोणी विचारलेला नसतो. हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मीही पहिली काही वर्षे तो विचारत नव्हतो. एका आजींनी आपण होऊन 'गोळी चहात बुडवून घेते, कडू लागत नाही' असे सांगितले, त्या दिवसापासून विचारू लागलो. तेव्हा गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास पूर्ण तास, पाण्याखेरीज काहीही घेऊ नका. हाडे ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा घ्यावयाची ॲलेन्ड्रोनेटची गोळी तुमच्या आई घेत असतील, तर तिलाही हाच नियम लागू आहे.

दुसरा संशय आठच्या कपावर आहे. कॉफीतील आणि चहातील पॉलिफिनॉल ही द्रव्ये अन्नातील लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत, विशेषतः धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांतील लोहाला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी घेतल्याने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहाने ६४ टक्क्यांनी घटले होते. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली, ती मला जास्त उपयोगाची वाटते: जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने जेवणाबरोबर घेतल्याइतकेच शोषण घटले. पोषण संस्थेच्या सूचनांत जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. मी रक्त कमी असलेल्या स्त्रियांना जेवणानंतरचे अंतर दीड-दोन तासांचे सांगतो. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत लोहासाठी उत्तम आहे. त्याच पोह्यांशेजारी कॉफीचा कप ठेवला की लिंबाने कमावलेले कॉफीने घालवले असे होते.

पण ९.६ चे सगळे खापर मी कॉफीवर फोडणार नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, आणि त्यांतील बहुतेकींनी कॉफीला कधी तोंडही लावलेले नसेल. चाळिशीनंतर पाळीत अंगावरून जास्त जाते का, याची चौकशी आधी झाली पाहिजे. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासले पाहिजे. आणि थायरॉइड कमी असण्यानेही हिमोग्लोबिन उतरते. लोहाची गोळी चालू केली, तर ती थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवावी लागते. कॅल्शियमचेही तसेच. हे अंतर न सांगितल्याने 'गोळ्या खाऊनही गुण नाही' असे म्हणणाऱ्या स्त्रिया मी शेकड्याने पाहिल्या आहेत.

आता आईंचा मुद्दा. 'उष्ण' हा शब्द मी उडवून लावत नाही, कारण पेशंट त्या शब्दाने काहीतरी खरेच सांगत असतो: जळजळ, तोंड येणे, लघवीला आग, धडधड. कॉफीने जठरातील आम्ल वाढते आणि काहींमध्ये अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल पडते, त्यामुळे आम्ल वर येते. हा त्रास कॅफिन काढलेल्या कॉफीनेही काहींना होतो, म्हणजे दोष फक्त कॅफिनचा नसतो. ज्यांना होत नाही त्यांना होत नाही. कॉफीमुळे सर्वांनाच ॲसिडिटी होते हे खरे नाही. तुमच्या बाबतीत साडेनऊचा कप आणि दहाला आडवे होणे ही जोडी मला जास्त संशयास्पद वाटते. रात्रीच्या जेवणात तांबडा रस्सा असेल आणि त्यावर दुधाची कॉफी, तर जळजळ कोणाची हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. सकाळी कॉफी घेतल्यावर पोट साफ होते, म्हणून ती न सोडणारेही अनेक आहेत. त्यांचा अनुभव खरा आहे, कॉफीने मोठ्या आतड्याची हालचाल काही मिनिटांत वाढते.

जाता जाता एक. वाफाळती कॉफी घशाखाली ओतू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कॉफीवरचा पूर्वीचा संशय मागे घेतला. कॉफीने कर्करोग होतो असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही असे सांगितले. मात्र ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम कोणतेही पेय अन्ननलिकेसाठी बहुधा घातक आहे, असेही त्याच वेळी नमूद केले. कप बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्या आपल्या आजोबांना नव्या पिढीने नावे ठेवली. अन्ननलिकेने ठेवली नसती.

यजमानांकडे वळतो. त्यांनी ऐकले ते निराधार नाही. २०१७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला तीन-चार कप कॉफी घेणाऱ्यांत एकूण मृत्यूचे, हृदयविकाराचे आणि विशेषतः यकृताच्या आजारांचे प्रमाण कमी दिसले. टाइप-२ मधुमेहाचा धोका कॉफी पिणाऱ्यांत कमी असल्याचे तर २००२ पासून वेगवेगळ्या देशांत दिसत आले आहे. पण हे बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. कॉफी पिणारे निरोगी दिसले म्हणजे कॉफीने निरोगी झाले असे सिद्ध होत नाही, कारण प्रकृती बिघडलेला माणूस बऱ्याचदा आधी कॉफीच कमी करतो. शिवाय त्या अभ्यासांतील 'कप' म्हणजे बहुधा पाण्यात केलेली कॉफी. आपल्यासारखे म्हशीच्या दुधात उकळलेले, दोन चमचे साखरेचे ते पेय नव्हे. तिकडचा निष्कर्ष इकडच्या पेल्यात तसाच ओतता येत नाही. म्हणून निरोगी माणसाने कॉफीला भिऊ नये असे मी सांगतो. आणि आरोग्य सुधारेल म्हणून कॉफी सुरू करा असे कोणालाही सांगत नाही. काळ्या कॉफीत लिंबू पिळून किंवा तूप घालून पोट कमी होते, या मोबाइलवरून आलेल्या उपायांबद्दल मला रोज विचारणा होते, त्यावर वेळ घालवण्यासारखे काही नाही.

रक्तदाबाचे थोडे सांगतो, कारण तुमचा नाही तरी घरात कोणाचा असेल. सवय नसलेल्या माणसात कपभर कॉफीने रक्तदाब दोन-तीन तास काही अंकांनी चढतो. रोज पिणाऱ्यात हा परिणाम पुष्कळ बोथट होतो. त्यामुळे रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास कॉफी घेऊ नये. दवाखान्याखालच्या टपरीवर वाट पाहत चहा-कॉफी घेऊन वर येणाऱ्या पेशंटला मी पुन्हा बसवून ठेवतो. ज्यांचा रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून वर आहे, त्यांनी मात्र सावध राहावे. जपानमध्ये १८ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, अशा लोकांपैकी रोज दोन किंवा अधिक कप कॉफी घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचा धोका दुप्पट आढळला. एका कपाने तो वाढलेला नव्हता. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी फिल्टरचा प्रकार पाहावा: न गाळता उकळलेल्या कॉफीतील कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते, कागदी गाळणीत ते अडते, धातूच्या गाळणीतून काही प्रमाणात उतरते, आणि इन्स्टंट कॉफीत नगण्य असते.

कॉफीचा सगळ्यांत वाईट चेहरा मला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून येणाऱ्या रात्रपाळीच्या कामगारांत दिसतो. एका फाउंड्रीतील चाळिशीच्या भट्टीवाल्याची उपाशीपोटीची साखर १८० आली. मी कॉफी विचारल्यावर तो चिडलाच, "डाक्टर, मी काय दारू पितोय व्हय? निस्ती कॉफीच तर हाय." मशिनच्या छोट्या कागदी कपातली ती कॉफी तो रात्रीत सात वेळा घेत होता. त्या पुडीत साखर आधीच मिसळलेली असते, त्यामुळे 'मी वरून साखर घालत नाही' हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शेवटचा कप पहाटे पाचला आणि घरी जाऊन झोप आठला. रात्रपाळीत पहिल्या तीन-चार तासांत एक-दोन कप घ्यावेत, भट्टीजवळ डुलकी लागण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पाळीच्या उत्तरार्धात घेऊ नयेत. भरतीच्या तयारीतील मुले व्यायामाआधी जी डब्यातली पावडर घेतात, तिच्या एका मापात दोन-तीन कप कॉफीइतके कॅफिन असू शकते; कॅफिन २००४ पासून खेळातील बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत नाही आणि दमसासही त्याने वाढतो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते, आणि मग धडधडत्या छातीने मुले माझ्याकडे येतात. लहान मुलांना कॉफी देऊच नये.

तुम्हाला काय करायचे ते आता सांगतो. एकदम बंद करू नका. नवरात्रात किंवा चतुर्थीला कोणी हौसेने चहा-कॉफीही वर्ज्य केली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डोकेदुखीची रांग लागते. त्यांना वाटते उपासाने पित्त झाले, पण ती बऱ्याचदा कॅफिन तुटल्याची डोकेदुखी असते. ती १२ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते आणि आठवडाभरही रेंगाळते. गंमत म्हणजे डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, त्यामुळे गोळीने बरे वाटते आणि निदान हुकते.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीचा कप काढा. वह्या तपासताना हातात गरम काहीतरी हवे असते हे मला समजते. चिमूटभर जायफळ लावलेले कोमट दूध, बिनसाखरेचे, अर्धा कप घ्या. जायफळ घातलेल्या कॉफीचाच वास येतो, निम्मी तल्लफ त्यावरच भागते. दुसऱ्या आठवड्यात साडेचारच्या कपातील पूड अर्धी करा आणि पुढच्या आठवड्यात तो बंद करा. सकाळी सहाला गोळी पाण्याबरोबर, सातला पहिली कॉफी, आठला न्याहारी कॉफीशिवाय, अकराला दुसरी कॉफी. तिसरी घ्यायचीच असेल, तर दीड-दोन वाजण्याच्या पुढे नको, आणि डबा खाल्ल्याबरोबर नको. लोहाची गोळी सुरू झाली तर ती साडेचारला, कॉफीची जी वेळ रिकामी झाली तिथेच, लिंबूपाण्याबरोबर. साखर प्रत्येक आठवड्याला अर्धा चमचा कमी करा; जिभेला पंधरा दिवसांत त्याची सवय होते. कप मात्र लहान घ्या आणि तो एकदा मोजून पाहा.

एक गोष्ट विसरू नका, आणि तुमच्या डॉक्टरांना ही पुढची ओळ दाखवा. गोळी पाण्याबरोबर घेऊ लागल्यावर ती पूर्वीपेक्षा जास्त शोषली जाईल, आणि कॉफीमुळे वाढवत नेलेला तोच डोस तुम्हाला जास्त होऊ शकेल. धडधड, हाताला कंप, वजन उतरणे, घाम, आणि पुन्हा झोप न येणे, अशी त्याची लक्षणे असतात, आणि तुम्हाला वाटेल की कॉफी कमी करूनही काही फरक नाही. म्हणून वेळ बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, मधल्या काळात डोस आपण होऊन कमी-जास्त करू नका, आणि यांपैकी काही जाणवले तर सहा आठवडे न थांबता आधीच दाखवा.